रिकाम्या मांडवातलं गाणं

बाबा, तुमचा जुना अँप्लिफायर अजून चालतो. हे आधी सांगते, कारण तुम्ही आधी तेच विचारलं असतं. मधल्या काळात मी त्याचे दोन कंडेन्सर बदलले, आवाजाच्या बटणात साचलेली धूळ काढली आणि मागची वायर नवीन टाकली. बाकी सगळं तुम्ही ठेवलं होतं तसंच आहे. त्याचा मागचा एक रबरी पाय मात्र पडून गेला, तो सापडला नाही, म्हणून टेबलावर तो जरासा डुगडुगतो. सध्या त्याखाली काडेपेटी ठेवली आहे. संध्याकाळी बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायला खाली काडेपेटी मिळाली नाही, की आई वर येऊन ती काढून नेते आणि पुन्हा ठेवायची विसरते.

आता आम्ही गोरेगावात राहत नाही. गोंदियाला लागून कुडव्याला घर आहे, खाली दोन खोल्या आणि वर एक. मी गोंदियातल्या राईस मिलमधल्या तांदूळ निवडायच्या मशिनी दुरुस्त करते. वरून तांदूळ पडतो, कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो आणि काळा-पिवळा दाणा दिसला की हवेचा एक बारीक फटका त्याला बाजूला उडवतो. कॅमेरा किती कडक ठेवायचा हे माझं काम. ढिला ठेवला तर काळा दाणा पोत्यात जातो, फार कडक ठेवला तर चांगला तांदूळही उडून जातो आणि मालक ओरडतो. मला हे काम आवडतं. असं मी कोणाला फारसं सांगत नाही, पण तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते आणि पुढे काय करणार हे मला अजिबात माहीत नव्हतं. ते तसंच तुमच्या डोक्यात राहिलं असेल, असं मला कधी कधी वाटतं. म्हणून आधी हिशोब पूर्ण करून टाकला.

लिहायचं कारण यंदाची बुद्ध पौर्णिमा. गोरेगावच्या आपल्या विहारासमोर धाकटी गायली. पण ते सांगण्याआधी मला मागे जावं लागतं, कारण त्या दिवशी मला जे कळलं ते तिच्याबद्दल नव्हतं.

तुमचं दुकान बाजाराच्या रस्त्याला होतं. बाहेर मांडवाचे बांबू, आत भोंगे, काळ्या पेट्या आणि वायरींची भेंडोळी. लग्न, जयंती, सत्कार, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, कुठेही आवाज लागला की लोक तुमच्याकडे यायचे. आवाज म्हणजे मोठा आवाज. शेवटच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे आणि शेजारच्या गावालाही जरा कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं असायचं. तुम्ही ते देत होता. पण मांडव उभा राहून माणसं यायच्या आधी, दुपार कलताना, तुम्ही एक वेगळं काम करायचात. बासरीची एक जुनी कॅसेट अगदी हळू लावायचात, इतकी हळू की मांडवाच्या मध्यावर उभं राहिलं तर कान द्यावा लागे. मग एका हाताने लुंगीचा सोगा धरून तुम्ही सगळ्या मांडवात फिरायचात, प्रत्येक भोंग्याखाली थांबायचात, मान जराशी तिरकी करून. "जोरात सगळंच बरं वाटते," तुम्ही म्हणायचात. "हळू लावलं का मंग समजते." बासरीच्या मागे एक बारीक घूं असायची. तुम्ही तिला हम म्हणायचात. हम सापडली की तुम्ही जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या सळईकडे बोट दाखवायचात आणि मी पितळी गुंडातलं मिठाचं पाणी तिच्या बुडाशी ओतायचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाणी ओतल्याने हम जाते हे तुमचं म्हणणं निम्मं चूक होतं. अर्थिंगला ओल लागते, ते खरं. पण हम बहुतेक वेळा दोन उपकरणं दोन वेगवेगळ्या बोर्डांवर लावली की यायची. पाणी ओतल्यावर तुम्ही एकदा सगळ्या पिना काढून पुन्हा घट्ट लावायचात, त्या ओघात सगळं एकाच बोर्डावर यायचं, आणि हम जायची. श्रेय पाण्याला मिळायचं. हे मला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला समजलं, आणि पहिला विचार आला तो घरी जाऊन तुम्हाला सांगण्याचा. तोवर तुम्हाला जाऊन चार महिने झाले होते.

अकरावी-बारावीच्या वर्षांत मी फार बोलत नव्हते हे तुम्हाला आठवत असेल. दुकानाच्या मागच्या खोलीत दोन पेट्यांच्या मधल्या फटीत मी पडून राहायचे, कानात इअरफोन. मोबाईलच्या दुकानातून एका मैत्रिणीने मेमरी कार्डात भरून आणलेली ती गाणी होती. कोणाची, कुठली, काही लिहिलेलं नव्हतं. काहींची भाषाही मला कळत नव्हती. एकच गिटार, सुटे सुटे सूर, मध्ये पुष्कळ मोकळी जागा, आणि घरातलं कोणी उठू नये अशा बेताने गाणारी एक बाई. त्यात प्रेमात पडणं नव्हतं, मरणं नव्हतं, कोणाला हाक मारणं नव्हतं. एक माणूस खिडकीशी बसला आहे आणि काहीच ठरलेलं नाही, एवढंच होतं. माझंही तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. भेटेल तो विचारायचा, "मंग पुढं काय?" डी.एड., नर्सिंग, पोलीस भरती, सगळे रस्ते लोकांनी आधीच मोजून ठेवलेले होते आणि त्यातल्या कशाचंही नाव घेतलं की माझ्या छातीत खुर्ची सरकवल्यासारखा आवाज व्हायचा. ती बाई मात्र काही विचारत नव्हती. तिलाही माहीत नाही, आणि माहीत नसूनही तिचा सूर जागेवर आहे, याचा मला आधार वाटायचा. हे शब्द आता सुचत आहेत. तेव्हा मी कोणी विचारलं तर "गाणं ऐकत आहे" एवढंच म्हटलं असतं.

विचारलं तुम्हीच. आई लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती, धाकटी पाटावर बसून गरम वड्याला फुंकर घालत होती, आणि मी भिंतीला टेकून, एक इअरफोन कानात, एक खाली लोंबत. तो खाली लोंबणारा तुम्ही उचलून कानाशी नेला.

"काऊन वं, घरात कोणी मेलं का?"

"नाही."

"मंग असं गाणं कायले आयकून राहिली?"

"मला आवडते."

आईने झारा कढईवर आपटला. "तिले काही म्हणू नोका तुम्ही. तिले काही म्हटलं का ते पेटीत जाऊन बसते. पोट्टी नाई, स्पीकर आहे."

धाकटी खूप हसली. तुम्हीही हसलात. मला वाटलं आता इअरफोन खाली ठेवाल, पण तुम्ही तिथेच उकिडवे बसलात आणि गाणं संपेपर्यंत तो कानाशी धरून ठेवलात. मध्ये एकदा मान तिरकी केलीत, मांडवात करायचात तशी. संपल्यावर म्हणालात, "हे पूर्ण झालं नाई वाटते."

"तसंच असते ते."

"हव का? मंग ठीक." आणि तुम्ही वडा उचललात.

यापुढचं तुम्हाला आठवत असेलच, पण माझ्या बाजूने लिहिते. आपल्या जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या पायथ्याशी यात्रेच्या दिवसांत तुम्हाला एका मंचाचं काम मिळालं होतं. आईने डबा देऊन मला तुमच्या टेम्पोत बसवून दिलं होतं, घरात पडून राहण्यापेक्षा जा म्हणून. मी मंचामागे वायरी सोडवत आहे. दुकानं लागत आहेत, कोणी ताडपत्री बांधतं आहे, कोणी ऊस उतरवून घेतं आहे. आणि एकदम भोंग्यातून तिचा आवाज आला. त्या बाईचा. माझ्या कार्डातल्या, माझ्या पेट्यांच्या फटीतल्या बाईचा. तुम्ही न विचारता कार्ड काढून नेलं होतं आणि कॅसेटच्या जागी ते लावलं होतं. भोंग्यात खालचे सूर येतच नाहीत, त्यामुळे गिटार जवळजवळ नाहीशी झाली होती आणि नुसता आवाज राहिला होता, पातळ, डोंगरावर जाऊन जरासा उशिराने परत येणारा.

रसवंतीवाल्याने विचारलं, "हे कोन्तं गाणं लावलं जी?"

"पोरीचं आहे," तुम्ही म्हणालात. "आवाज तपासाले चांगलं आहे."

मी मंचासमोर आले आणि म्हणाले, "विचारायचं तरी असते ना." एवढंच. डबा मंचाच्या कडेला ठेवला आणि निघून गेले. परतताना टेम्पोत आपण दोघंही काही बोललो नाही. त्यानंतर प्रत्येक कामाला तुम्ही तेच गाणं लावलंत. बासरीची कॅसेट कुठे गेली कोणास ठाऊक. घटेगाव असो की सडक अर्जुनी, माणसं यायच्या आधीच्या रिकाम्या मांडवात ती बाई हळू आवाजात तिचं न ठरलेलं सांगत राहायची आणि तुम्ही सोगा धरून फिरत राहायचात. पुन्हा मला विचारलं नाही, आणि मीही पुन्हा काही म्हटलं नाही.

तुम्ही गेल्यावरची वर्षं थोडक्यात सांगते. डिप्लोमा झाला, चाकणला एका कारखान्यात लागले, तिथून दुसऱ्या, तिथून परत. प्रत्येक ठिकाणी काम नीट केलं आणि प्रत्येक ठिकाणी वाटलं, हे कोणाचं तरी काम आहे, मी ते सांभाळते आहे. बसच्या खिडकीशी तीच गाणी. मग गोंदियाला आले, एका मिलमध्ये बंद पडलेली मशीन उघडली, आणि संध्याकाळी निघताना लक्षात आलं की दिवसभरात मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. त्यात काही मोठं घडलं नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही महिन्यांनी कधीतरी इअरफोन शोधला तर तो सापडेना, आणि तो हरवल्याचं मला कळलंही नव्हतं. ती गाणी मी टाकली नाहीत. त्यांची गरज हळूहळू कमी झाली, एवढंच.

आता धाकटी. ती तुमच्या फोटोशी बोलताना तुम्हाला 'तू' म्हणते. तुम्ही गेलात तेव्हा सात वर्षांची होती, तिचं 'तुम्ही' म्हणायचं वय झालंच नाही. आता एकोणीसची आहे. बी.एस्सी.चं एक वर्ष केलं आणि दुसऱ्याला गेलीच नाही. वरच्या खोलीत बसते, मोबाईलवर बघून गिटार शिकली, तुमच्या अँप्लिफायरला जोडते आणि गाणी करते. तिची स्वतःची. निम्मी हिंदीत, निम्मी आपल्या बोलीत, सगळी हळू.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आईने मला स्वयंपाकघरात धरलं.

"मामा येऊन राहिला पौर्णिमेले. तिले नागपूरले नेतो म्हणते. त्याच्या ओळखीच्या कापडाच्या दुकानात लावून देते. बसून राहण्यापेक्षा बरं."

"बसून नाही राहिली ती. गाणी करते."

"त्याले गाणं म्हणते का तू? मी खालून आयकते ना. वाटते पोट्टीचं पोट दुखून राहिलं." आईने पीठ परातीत आपटलं. "तुले हसू येऊन राहिलं? तू बोल तिच्याशी. तुहा बाप असता त बोलला असता."

मी वर गेले. धाकटीने गिटारवरून मान वर केली नाही.

"आईनं पाठवलं ना तुले?"

"हो."

"मंग बोल. पाठ करून आली असशील."

पाठ केलंच होतं. तीन मुद्दे होते, क्रमाने. मी म्हणाले, "आधी वाजव."

तिने जे गाणं म्हटलं ते रेल्वे फाटकाबद्दल होतं. फाटक बंद आहे, मालगाडी संपत नाही, सगळ्यांनी गाड्या बंद करून पाय खाली टेकले आहेत. मग फाटक उघडतं, सगळे आपापल्या बाजूला निघून जातात आणि एक मुलगी हँडल धरून उभीच राहते, कारण घरून निघताना कुठे जायचं ते ठरवलेलंच नव्हतं. त्यात ती रडत नाही. तिला मागून कोणी हॉर्न वाजवतं, तोही गिटारच्या एका सुरात आहे. ते फाटक आपल्या रोजच्या रस्त्यातलं आहे. मी रोज तिथे उभी राहते. मला कुठे जायचं ते माहीत असतं, आणि तरीही मला ती मुलगी अगदी ओळखीची वाटली.

"तिसरी तार ढिली आहे," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग गिटार पोटाशी धरून हसली. "एवढंच आयकू आलं तुले? बाप्पा, काय बाई आहे!" मग हसू थांबलं. "ताई, मले नाई माहीत का पुढं काय करीन. गाणंच करीन असंही नाई. पण हे करून राहिली तेवढा वेळ डोकं जागेवर राहते. नागपूरले जाऊन साड्यायच्या घड्या घातल्या त मले ते कधीच समजणार नाई. एक वर्ष पाहिजे. फक्त एक."

मी खाली आले तर ती माझ्या मागोमाग आली आणि आईसमोर उभी राहिली. "पौर्णिमेले गोरेगावच्या विहारासमोर गाते मी. सगळ्यायसमोर. हेच गाणं. लोकं उठून गेले त मामासोबत जाते."

"आन बसले त?"

"त एक वर्ष मले कोणी काही म्हणायचं नाई."

आईने माझ्याकडे पाहिलं. "हव," आई म्हणाली. "बघू."

पौर्णिमेच्या दुपारी आम्ही गोरेगावला गेलो. ऊन असं की मांडवाच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. साऊंडवाला गोंदियाचा एक तरुण, मोठमोठे स्पीकर, रंगीत दिवे, लॅपटॉप. त्याने एक दणकेबाज गाणं पूर्ण आवाजात लावून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "देखो दीदी, एकदम मस्त."

"आता हळू लावा," मी म्हणाले.

"हळू कायले? हळू कोन आयकते?"

मी माझ्या फोनमधून लावलं. धाकटीने घरी केलेलं रेकॉर्डिंग होतं, फाटकाचं गाणं. बटण अगदी खाली आणलं आणि मांडवात फिरायला लागले. तिचा आवाज होता, आणि त्याच्या मागे तेवढीच मोठी घूं. तो तरुण ओशाळला. ही आधी कधी नव्हती म्हणाला. आधीही असणार, पण त्याच्या गाण्यांखाली ती कधी कोणाला ऐकूच आली नसणार. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर होता, मिक्सर दुसऱ्यावर. मी चार्जर काढायला लावला आणि बाकी सगळं एका बोर्डावर आणलं. घूं गेली. मग त्याने विचारलं, "ये गाना किसका है दीदी?"

"घरचंच आहे," मी म्हणाले. "आवाज तपासायला चांगलं आहे."

तेवढ्यात धाकटी विहारातून धावत बाहेर आली. चेहरा लाल. "ताई! विचारायचं त असते ना!" आणि कनात बाजूला करून तरातरा मांडवाबाहेर निघून गेली. मी गाणं बंद करायला वळले. आणि थांबले. कनात जमिनीपर्यंत येत नाही, बाबा, खाली वीतभर जागा राहते. त्या फटीतून मला तिच्या चपला दिसत होत्या. ती गेली नव्हती. दोन पावलांवर, कापडाच्या पलीकडे, अगदी स्थिर उभी होती. गाणं पूर्ण झालं तेव्हाच त्या चपला हलल्या.

मी बराच वेळ मिक्सरशी उभी राहिले. तो तरुण म्हणाला, "दीदी, और कुछ है क्या?" मी त्याच्याकडून पाण्याचा गुंड घेतला आणि अर्थिंगच्या सळईच्या बुडाशी ओतला. त्याची गरज नव्हती. तरी ओतला.

संध्याकाळी बायका, म्हातारे, पोरं, सगळं पटांगण भरलं. वंदना झाली, भाषणं झाली, खीर वाटली गेली. मग गायन पार्टी आली आणि ढोलकीने मांडव हलवून सोडला. लोक ठेका धरत होते. आई, मामा आणि मी बायकांच्या बाजूला बसलो होतो. मामा मान डोलवत म्हणाले, "याले म्हणते गाणं." आईच्या हातात खिरीचा द्रोण होता आणि ती त्यातली खीर खात नव्हती.

पार्टी उतरली, धाकटीचं नाव पुकारलं गेलं, ती गिटार घेऊन खुर्चीवर बसली. आणि घूं परत आली. दुपारपेक्षा मोठी. साऊंडवाल्याच्या लॅपटॉपची बॅटरी उतरली होती आणि त्याने चार्जर पुन्हा त्याच बोर्डात खुपसला होता. वर पार्टीसाठी सगळी बटणं चढवून ठेवलेली. लोक आपापसात बोलायला लागले. मागचे दोघं-तिघं उठले. धाकटीने मिक्सरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने सूर लावला नाही.

मी बायकांच्या पायांवरून, द्रोणांवरून, झोपलेल्या पोरांवरून तिकडे गेले. एका मावशीने "अवं, डोळे हायेत का!" म्हणून शिवी घातली. मी चार्जरची पिन धरून ओढली.

"दीदी! लॅपटॉप बंद हो जाएगा!"

"होऊ द्या."

घूं थांबली. तुम्हाला माहीत आहे तेव्हा काय होतं. सतत चाललेला आवाज माणसाला ऐकू येत नाही, पण तो थांबला की कळतो. सगळ्या पटांगणाने एकदम मान वर केली. बोलणं आपोआप थांबलं, जणू कोणीतरी आत आलं. आणि धाकटीने त्याच शांततेत पहिली तार छेडली. मी बटण खाली आणलं, इतकं की मागच्यांना कान द्यावा लागेल. त्यांनी दिला.

फार काही झालं असं मी म्हणणार नाही. काही बायका एकमेकींकडे बघत होत्या. पोरं रांगत होती. हॉर्नच्या सुराला मोटरसायकलवाले काही पोट्टे हसले, पण ते चांगलं हसणं होतं, त्यांना फाटक ओळखू आलं होतं. गाणं थांबलं तेव्हा टाळ्या लगेच आल्या नाहीत, कारण थांबलं हे कोणाला समजलं नाही. पहिल्या रांगेतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "झालं का वं माय? कवा झालं, समजलंच नाई!" मग हसणं, मग टाळ्या.

जाताना मामा म्हणाले, "उठले ना वं लोकं. मी पाह्यले, तिघं उठले."

"ते पाणी प्याले उठले," आई म्हणाली.

"पाणी प्याले?"

"हव, पाणी प्याले. मी पाह्यलं ना. परत येऊन बसले." आईने खिरीचा रिकामा द्रोण चुरगाळला. खीर कधी संपवली तिलाही माहीत नसावं. "मले काही समजलं नाई ते गाणं. फाटकावर उभी राह्यली त राह्यली, त्यात काय. पण पोट्टीचा शब्द न् शब्द साफ आयकू आला. दादा, तू वडे खा आन उद्याच्या गाडीनं जा."

मामा दुसऱ्या दिवशी वडे खाऊन एकटे गेले. धाकटी वर आहे. आता, मी लिहिते आहे तेव्हा, ती तिसरी तार लावते आहे आणि अजून ती जराशी ढिलीच आहे. तिचं पुढे काय होईल मला माहीत नाही. तिलाही नाही. तिच्यापुरता मशीनचा कॅमेरा मी एक वर्ष ढिला ठेवायचा ठरवला आहे.

प्रतापगडला त्या दिवशी मी डबा ठेवून निघून गेले होते असं मी वर लिहिलं. ते बरोबर नाही. मी रसवंतीच्या ताडपत्रीमागे उभी राहिले होते आणि गाणं पूर्ण ऐकलं होतं. मला राग आला नव्हता. माझं काहीतरी डोंगरावर जाऊन परत येत होतं आणि ते कोणालाही खुपत नव्हतं, हे मी पहिल्यांदा पाहत होते. ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी ताडपत्रीमागे गेले. ताडपत्रीही जमिनीपर्यंत येत नाही. मंच उंच होता आणि तुम्ही वर उभे होतात. खालच्या फटीतून दिसणाऱ्या माझ्या पायांतल्या नव्या निळ्या चपला तुम्हीच मला बाजारातून आणून दिल्या होत्या. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि म्हणून तुम्ही ते गाणं पुढे प्रत्येक मांडवात लावलंत, आणि म्हणून टेम्पोत काही बोलला नाहीत. इतकी वर्षं मी हे माझं गुपित समजत होते.

आईने काडेपेटी पुन्हा नेली आहे. अँप्लिफायरच्या पडलेल्या पायाखाली या कागदाची घडी जाडीला बरोबर बसेल.